शस्त्रक्रियेआधीची सही

शस्त्रक्रिया ठरली की नर्स एक कागद पुढे करते. "इथे सही करा." रुग्णाचा नवरा किंवा मुलगा न वाचताच सही करतो. कागद बहुधा इंग्रजीत. याला आम्ही डॉक्टर मंडळी संमतीपत्र म्हणतो!

गेली पंचवीस-तीस वर्षे मी सर्जनकडे रुग्ण पाठवीत आलो आहे. त्यांच्या हाताला यश आहे, रात्री-अपरात्री ते धावून येतात. पण "पेशंटला सांगून काय कळणार? उगीच घाबरेल," हे वाक्यही त्यांच्याच तोंडून मी वारंवार ऐकले आहे. मला ते पटत नाही. पोट रुग्णाचे आहे. ते उघडायचे की नाही हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी हेच सांगितले. दिल्लीतील एक स्त्री दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. रुग्ण सज्ञान असताना आईची संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही, असा निकाल लागला. जीव वाचविण्यासाठी थांबणे शक्यच नसेल, तर गोष्ट वेगळी.

दोष एकट्या सर्जनचा नाही. आम्ही शिकलो तेव्हा वैद्यकीय नीती म्हणजे न्यायवैद्यकाच्या पुस्तकातले परीक्षेपुरते प्रकरण. टाका कसा घालावा हे वरिष्ठांनी हात धरून शिकविले. रुग्णाशी कसे बोलावे हे कोणी शिकविले नाही. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात नीती व संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, हे उत्तम झाले. पण आजचे अनुभवी सर्जन त्याआधी शिकलेले. नव्या यंत्रांसाठी कार्यशाळा भरतात, तशी एखादी संमतीवरही भरवावी.

वाचकहो, तोवर तुम्हीच विचारा. आजार नेमका कोणता? काय काढणार? दुसरा उपाय आहे का? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? धोका किती, खर्च किती? उत्तर मराठीत मागा. विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगला सर्जन दोन मिनिटे बसून समजावून सांगतो.

सही त्यानंतर. आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर ती त्यालाच करू द्या.