कैरी विकायची की खारवायची?

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आपल्याकडील जुन्या माणसांना हैदराबादचा बेगम बाजार परका नाही. निजाम अली खानाच्या बेगमेने व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर तो वसला असे सांगतात. आजही ती मसाल्यांची, सुक्या मेव्याची, भांड्यांची मोठी घाऊक पेठ आहे. आवकायसाठी, म्हणजे तेलुगू घरांतल्या कैरीच्या लोणच्यासाठी लागणारे तिखट-मोहरीही तेथे पोत्याने मिळते.

शेतकरी बंधुभगिनींनी या पेठेकडे पाहताना एक फरक ध्यानात घ्यावा. व्यापाऱ्याची मोहरी पोत्यात थांबते. आपली कैरी, लिंबू, ओली लाल मिरची थांबत नाही. वळवाच्या एका पावसाने कैरी खाली आली की मागतील त्या भावात द्यावी लागते. मिठात घातलेली फोड मात्र महिनोन्महिने टिकते. लोणच्याचे कारखाने हंगामात फोडी खारवून पिंपांत ठेवतात आणि लागेल तसे लोणचे घालतात. चार-पाच गावांनी मिळून आंबवण्या-खारवण्याचे एक सामायिक घर काढले, तर हेच आपल्यालाही जमेल असे आम्हास वाटते.

असा विषय निघाला की लगेच यंत्रांची यादी होते. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तीत सामायिक सुविधांनाही ३५ टक्के अनुदानाची तरतूद होती. असे अनुदान मिळत असेल तर जरूर घ्यावे. पण माल बहुधा मिठाच्या मुठीपायी बिघडतो. दर घरची मूठ वेगळी! कोबी-गाजर आंबवायचे तर १० किलोला २०० ते ३०० ग्रॅम मीठ पुरते; वर्षभर ठेवायच्या कैरीला त्याच्या कितीतरी पट लागते. कमी पडले तर आंबण्याआधीच सडते. म्हणून तराजू आधी घ्यावा, नंतर आंबटपणा तपासणारे पीएच मीटर. तो आकडा ४.६ च्या खाली असला की घातक विष तयार करणारे बोटुलिझमचे जंतू वाढत नाहीत. रसायनाची रिकामी पिंपे धुऊन वापरणे हा तर आरोग्याशी खेळ आहे. अन्नासाठीचीच पिंपे किंवा चिनी मातीच्या बरण्या घ्याव्यात. (रक्तदाबाच्या रुग्णांनी लोणचे बेतानेच खावे, हेही जाता जाता सांगतो.)

१९५९ मध्ये गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तेथे पीठ केंद्रावर मळले जाते, लाटणे घरी होते, आणि लाटलेले पापड परत येऊन तपासले जातात. कष्ट घरोघरचे, पण पीठ आणि पारख एका जागची. आपल्या घरातही हेच हवे. तेथे बसणाऱ्या बाईला किंवा बुवाला माल नाकारण्याचा पूर्ण अधिकार असावा. मग तो सरपंचाचा असो की मंडळाच्या अध्यक्षांचा. एका घराचे नासके पिंप बाजारात गेले, तर पाचही गावांचे नाव जाते. हा अधिकार द्यायची तयारी नसेल, तर ज्याने त्याने आपली बरणी आपल्या घरी घालावी हे बरे.

पहिल्या वर्षी बाटल्यांची घाई नको. एकच कैरी धरावी, आणि खारवलेल्या फोडी लोणचेवाल्यांना पिंपाने विकाव्यात. अन्नपरवाना मात्र पहिल्या दिवसापासून काढावा.