विजेच्या मोटारीचा खरा हिशेब

अंबड औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी भरण्याच्या सुमारास पाथर्डी फाट्याकडून येणाऱ्या वाहनांत हिरव्या पाटीच्या मोटारी आता सहज नजरेस पडतात. आयुष्यभर दुचाकीवर समाधान मानलेला कारागीर किंवा पर्यवेक्षक घरात मोटार आणण्याचा विचार करू लागला की, पेट्रोलची घ्यावी की विजेची, हा प्रश्न कुटुंबाच्या बैठकीत उभा राहतोच. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते : “किलोमीटरला जेमतेम एक रुपया खर्च!” हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, परंतु ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे ग्राहकाच्या खिशातून जाते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. पेट्रोलची मोटार १० लाखांची आणि त्याच आकाराची विजेची १३.५ लाखांची धरू. पेट्रोलच्या मोटारीवर राज्याचा ११ टक्के वाहन कर लागतो, विजेच्या मोटारीला तो माफ आहे. तेव्हा प्रत्यक्ष फरक २ लाख ४० हजारांचा उरतो. लिटरला १०४ रुपये आणि १५ किलोमीटरची धाव धरली, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सुमारे ७ रुपये. विजेची मोटार एका युनिटात ७ किलोमीटर जाते, युनिट १४ रुपयांना पडते आणि चार्जिंगमध्ये दहा टक्के वीज वाया जाते असे धरल्यास खर्च येतो २ रुपये २० पैसे. बचत झाली पावणेपाच रुपयांची. म्हणजे जादा दिलेली रक्कम वसूल होण्यास सुमारे ५१ हजार किलोमीटर धावावे लागते. सिडकोतून अंबडला ये-जा करून बाजारहाटासह रोज २० किलोमीटर फिरणाऱ्यास त्यासाठी आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. मात्र सिन्नरच्या कारखान्यात जाणारा, रोज ६० किलोमीटर मोटार हाकणारा गृहस्थ तीन वर्षांच्या आतच मोकळा होईल.

युनिटला १४ रुपये हा दर पाहून काहींना अतिशयोक्ती वाटेल. परंतु महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या पायऱ्या आहेत. महिन्याला दीडशे युनिटे वापरणाऱ्या घराने सिन्नरवाल्याची मोटार चार्ज केली, तर वापर पावणेचारशेच्या पुढे जातो आणि वरची युनिटे महागड्या टप्प्यात पडतात. ‘एक रुपया किलोमीटर’ म्हणणारा विक्रेता ही पायरी सोयीस्करपणे विसरतो. (ही वीज धूरविरहित असते हेही अर्धसत्यच, एकलहऱ्याच्या केंद्रात कोळसाच जळतो.) ज्याचे स्वतःचे छप्पर आहे, त्याचे चित्र मात्र पालटते. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते, आणि असा संच महिन्याला सरासरी तीनशेच्या आसपास युनिटे देतो. बंगला वा रो-हाउस असणाऱ्याला हे साधेल. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकाधारकाने काय करावे? त्याला आधी सोसायटीच्या सभेत वाहनतळावर स्वतंत्र वायर ओढण्याची संमती मिळवावी लागते. ती न मिळाल्यास सार्वजनिक केंद्रावरील चढा दर मोजावा लागतो आणि वरचा सारा हिशेब कोसळतो.

बॅटरीविषयी भीतीच अधिक पसरविली जाते. बहुतेक कंपन्या आठ वर्षे वा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात; इंजिन तेल, क्लच, फिल्टर यांचा खर्चही वाचतो. खरी मेख पुनर्विक्रीत आहे. हमी संपत आलेली मोटार घेणारा बॅटरीची किंमत मनात धरूनच भाव पाडतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला; विजेच्या मोटारींचा ५ टक्केच राहिला. दोहोंतील किमतीची दरी त्यामुळे रुंदावली. समृद्धी महामार्गावरील टोलमाफीचे कौतुक होते, पण सिडको ते अंबड या वाटेवर टोल आहेच कुठे?

देशहिताचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. तथापि बॅटरीतील सेल आणि मोटारीतील चुंबकांसाठी आपण चीनवर विसंबून आहोत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा आपले वाहन उद्योग अडचणीत आले. अशा स्थितीत देशभक्तीच्या नावाने मध्यमवर्गीय कुटुंबाला कर्जाचा जादा हप्ता भरावयास सांगणे न्याय्य नव्हे. हाती असलेल्या बॅटऱ्या जेथे सर्वाधिक धावतील तेथे आधी लागाव्यात. दिवसाला दोनशे किलोमीटर धावणारी विजेची शहर बस जेवढे इंधन वाचवील, तेवढे वीस किलोमीटर धावणाऱ्या कित्येक खासगी मोटारी मिळूनही वाचविणार नाहीत. अंबडच्या पाळ्यांच्या वेळा सांभाळून अशा बसगाड्या धावल्या, तर त्या वीस किलोमीटरवाल्यांपैकी अनेकांना मोटारीचे कर्ज काढण्याची गरजच उरणार नाही.