घामाचा पैसा व म्हातारपणाची भाकर

मुलुंड, भांडुप, घाटकोपर, अंधेरी येथील कारखान्यांत आमच्या शेतकरी-कारागिरांच्या पोरांनी उमर घालविली. त्यांतले बरेच कारखाने मोडून तेथे मॉल व टॉवर उठले; कामगाराच्या हाती काय उरले? १९९५ सालच्या पेन्शन योजनेचा कागद! मालकाच्या वर्गणीतून, ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर शेकडा ८.३३ या फंडात जातात. हा पैसा पेटीत पडून राहत नाही. त्याचा मोठा भाग सरकारी रोख्यांत जातो; म्हणजे गरिबाच्या घामावर सरकार कर्ज काढते. असे असता १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरली ती दरमहा १००० रुपये, आणि महागाई वाढली तरी पेन्शन आपोआप वाढत नाही. सरकारी पेन्शनरास महागाईची भर मिळते. मग सरकारास कर्ज देणाऱ्या कामगारास ती का नसावी? हा आमचा सरकारास रोकडा सवाल आहे.

पण बंधूंनो, आपलेही एक काम आहे. दहा वर्षे नोकरी भरल्याशिवाय ही पेन्शन लागत नाही. काम सुटले की दलालाच्या नादी लागून फंड मोडू नका. योजनेचा दाखला घेऊन मागील वर्षे नव्या नोकरीस जोडा. न वाचता अंगठा उठवाल, तर म्हातारपणी पोराच्या तोंडाकडे पाहावे लागेल.