खणाला मान, मागाला दाम कधी?

ओटीच्या ताटात नारळाशेजारी मानाने बसणारा खण गेल्या काही वर्षांत एकाएकी रोजच्या पेहरावात उतरला आहे. खणाची साडी, खणाचा कुडता, खणाचे परकर-पोलके, पुरुषांची जाकिटे, खांद्यावरच्या पिशव्या, इतकेच नव्हे तर दिवाळीतले आकाशकंदीलही खणाचे दिसू लागले आहेत. ज्या पिढीच्या मातांनी खणाची चोळी जुनाट म्हणून बाजूला सारून ‘टू बाय टू’च्या पोलक्यांना जवळ केले, त्याच पिढीच्या मुली आज कचेरीत आणि महाविद्यालयात तेच काठ कौतुकाने मिरवीत आहेत. आपल्या मातीतील वस्त्र पुन्हा आपल्या अंगावर आले, ही घटना स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु वस्त्राच्या पुनरागमनाबरोबर ते विणणाऱ्याचे पुनर्वसन झाले काय, असा प्रश्न विचारला तर या उत्साहाची दुसरी बाजू समोर येते.

खण हा मराठी संस्काराचा भाग असला तरी त्याचे माहेर सीमेपलीकडे आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात बदामीजवळ गुळेदगुड्ड नावाचे विणकरांचे गाव आहे. एका चोळीला पुरेल एवढा तुकडा म्हणजे खण. तो विणण्यात या गावाच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. दोन्ही बाजूंना ठसठशीत काठ आणि मध्ये बारीक, दाट, उठावदार नक्षी अशी त्याची घडण. सूर्यनारायण, सिद्धेश्वर मुकुट, तुळशीचे पान, रथ अशी तिथल्या नक्ष्यांची नावे ऐकली तरी तिच्या मागची श्रद्धा आणि परिसर ध्यानात येतो. त्याच जिल्ह्यातील इळकल, म्हणजे मराठी घरातील ‘इरकल’, हे त्याचे जोडवस्त्र. इरकलीच्या अंगाचे उभे धागे आणि पदराचे रेशमी उभे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडले जातात. तिथे त्याला ‘कोंडी’ म्हणतात. लाल पदरावरील पांढऱ्या पट्ट्यांची ती साडी सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि मराठवाड्यातील स्त्रियांनी शेतात, बाजारात आणि देवळात अशी सर्वत्र नेसली. ती सणाची साडी होती. पण त्याहूनही अधिक ती रोजची साडी होती. हा ‘रोजचा’पणा ध्यानात घेतला पाहिजे, कारण प्रस्तुत प्रश्नाची सारी गुंतागुंत तेथेच आहे.

फॅशन खणाची, कापड कोणाचे?

आज शहरातील दुकानांत ‘खण’ या नावाने जे कापड खपते, त्यातील फार मोठा भाग यंत्रमागावर, कृत्रिम धाग्यातून विणलेला असतो. मुळात खण हा चोळीपुरता तुकडा असल्याने ‘खणाची साडी’ ही चीजच नवी आहे. ती यंत्रमागाने मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात उपलब्ध करून दिली, म्हणूनच ही लाट सामान्य घरापर्यंत पोचली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. इरकलीचीही तीच गत. जुन्या रंगसंगतीची, त्याच धाटणीच्या पदराची साडी यंत्रमागावर कित्येक पटींनी लवकर तयार होते आणि हातमागावरील साडीच्या किमतीच्या एका अंशात विकली जाते.

यात यंत्रमागावरील कामगाराला दोषी धरणे अन्यायाचे होईल. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून भिवंडी, मालेगाव, सोलापूर येथील लाखो हातांना या धंद्याने काम दिले आहे. आज यंत्रमागावर राबणारा पुष्कळसा कामगार हा कालच्या हातमाग विणकराचाच नातू आहे. त्याची मजुरी आणि त्याच्या कामाचे तास काही हेवा वाटावा असे नाहीत. तसेच चारपाचशे रुपयांत खणाची साडी घेणाऱ्या शिक्षिकेला किंवा कारकून स्त्रीला कोणी स्वदेशीचे प्रवचन ऐकवावे, असेही नाही. महिन्याचा ताळेबंद जुळवताना साडीची किंमत पाहावीच लागते. अपराध स्वस्त कापड विणण्यात नाही आणि ते नेसण्यातही नाही. अपराध आहे तो एकाचे नाव दुसऱ्याला चिकटवण्यात. गुळेदगुड्डचा खण आणि इळकलची साडी या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकनाचा अर्थच असा की ते नाव त्या स्थानाच्या आणि त्या पद्धतीच्या मालालाच लागावे. परंतु मानांकनाचा दाखला एका ठिकाणी आणि बाजारातील पाटी दुसऱ्या ठिकाणी, अशी ही फारकत आहे.

कायदा आहे, पण…

हातमागाला संरक्षण हवे ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. तथापि त्यांचे मन प्रथमपासूनच द्विधा राहिले. १९५४ च्या कानुनगो समितीने हातमागांचे क्रमाक्रमाने यंत्रमागांत रूपांतर व्हावे असा विचार मांडला; वीस वर्षांनी, १९७४ साली, शिवरामन समितीने हातमागावरील रोजगाराचे मोल ओळखून त्याच्या विकासाचा आग्रह धरला. त्यातून केंद्रात हातमाग विकास आयुक्तांचे स्वतंत्र कार्यालय झाले. १९८५ साली संसदेने विशिष्ट वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला. प्रारंभी २२ प्रकार राखीव होते. यंत्रमागधारकांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली फेटाळले आणि कायदा वैध ठरवला. पण अवघ्या तीन वर्षांत, १९९६ साली, ही यादी निम्म्यावर, म्हणजे ११ प्रकारांवर आणली गेली. न्यायालयात जे टिकले ते धोरणाच्या टेबलावर अर्धे गळाले.

धाग्याची कथाही निराळी नाही. हातमाग विणकराला सूत लागते ते लडीच्या रूपात. यंत्रमागाला लागणारे सूत कोनावर गुंडाळलेले असते. गिरण्यांनी आपल्या सुताचा ठरावीक भाग लडीत बांधलाच पाहिजे, असे बंधन पूर्वीपासून आहे. ते प्रमाण पन्नास टक्के होते. २००३ साली चाळीस झाले आणि २०१९ साली तीस. हातमाग घटले म्हणून लडी कमी केल्या असा युक्तिवाद केला जातो. पण लडी महागल्या आणि दुर्मिळ झाल्या म्हणजे माग आणखी घटतात, हेही तितकेच खरे. शेवटी २०२० च्या जुलैअखेर अखिल भारतीय हातमाग मंडळच विसर्जित करण्यात आले. मंडळाच्या बैठकांनी फार मोठी क्रांती केली होती असे नव्हे. परंतु विणकराच्या प्रतिनिधीला दिल्लीत बसायला जी एक खुर्ची होती तीही गेली. आणि हे घडले ते ७ ऑगस्टच्या राष्ट्रीय हातमाग दिनाच्या तोंडावर. १९०५ साली याच तारखेला कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये स्वदेशीची हाक दिली गेली, म्हणून २०१५ पासून हा दिवस साजरा होतो. दिवस साजरे करणे सोपे असते.

आकडे काय सांगतात?

२०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशात हातमागावर विणणारे आणि त्याला पूरक कामे करणारे मिळून सुमारे ३५ लाख लोक आहेत. १९८७-८८ च्या पहिल्या गणनेत हीच संख्या सुमारे ६७ लाख होती. म्हणजे एका पिढीत हा व्यवसाय जवळजवळ निम्म्यावर आला. आज उरलेल्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. याच गणनेप्रमाणे सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांपेक्षा कमी आहे. एका कुटुंबाचे, एका माणसाचे नव्हे, हे पुन्हा वाचण्यासारखे आहे. कारण मागावर बसतो तो एक. पण लडी उकलणे, सूत रंगवणे, खळ देणे, ताणा लावणे, कांड्या भरणे या कामांत बायका, म्हातारी माणसे असे सारे घर गुंतलेले असते. विणकराची मजुरी म्हणून जी रक्कम सांगितली जाते ती वस्तुतः दोन-तीन माणसांच्या श्रमाची असते.

अशा स्थितीत ‘ही कला जिवंत राहिली पाहिजे’ असा उपदेश शहरात बसून करणे सोपे असले तरी त्याला नैतिक आधार उरत नाही. विणकराचा मुलगा माग सोडून शहरात पहारेकऱ्याची नोकरी धरतो, तेव्हा तो परंपरेशी द्रोह करीत नाही. तो हिशेब करतो, आणि त्याचा हिशेब बरोबर असतो. कलेच्या जतनाचा भार जिला सर्वांत कमी मोबदला मिळतो तिच्याच खांद्यावर टाकायचा आणि आपण प्रदर्शनात टाळ्या वाजवायच्या, हा व्यवहार सुसंस्कृत समाजाला शोभणारा नाही.

पेटीतील वस्त्र की अंगावरचे?

यावर एक उत्तर असे दिले जाते की हातमागाने स्वस्त कापडाचा नाद सोडून श्रीमंतांच्या गिऱ्हाइकीकडे वळावे. येवल्याच्या पैठणीने हे काही अंशी साधले आहे. परंतु पैठणी आयुष्यात एकदोनदा घेतली जाते. अशा वस्त्रावर काही हजार कुशल कारागीर जगतील. ३५ लाख जगणार नाहीत. जे वस्त्र रोज अंगावर पडते, झिजते आणि म्हणून पुन्हा घ्यावे लागते, तेच मागाला बारमाही काम देऊ शकते. हातमाग टिकायचा असेल तर त्याला पेटीतून काढून दोरीवर वाळत घातले पाहिजे.

याला बाजाराबरोबरच शासनाच्या खरेदीची जोड लागते. केरळने २०१७ पासून सरकारी शाळांतील लहान मुलांच्या गणवेशासाठी हातमागाचे कापड घेण्याची योजना राबवली. मुलाला कापड मिळाले, विणकराला निश्चित काम मिळाले आणि रिकामे पडलेले माग पुन्हा हलू लागले. महाराष्ट्रानेही २०२३ च्या वस्त्रोद्योग धोरणाच्या अनुषंगाने अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला एक साडी देण्याचे ठरवले. ती साडी मात्र यंत्रमागावरची. यंत्रमागालाही आधार हवा, हे खरे. परंतु शासकीय विश्रामगृहांच्या चादरी, रुग्णालयांची पांघरुणे आणि शाळांचे पंचे-आसने यांतला काही वाटा हातमागाला राखून ठेवणे अशक्य कोटीतले नाही. नागपूरचे हातमाग महामंडळ याच हेतूने उभारले गेले होते, याचे स्मरण ठेवावे.

करांचाही विचार व्हावा. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा, त्यापूर्वी करमुक्त असलेले हातमागाचे सुती कापड पाच टक्क्यांच्या कक्षेत आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या शिवलेल्या कपड्यांवर पाच टक्के आणि त्याहून महाग कपड्यांवर अठरा टक्के कर लागू झाला. अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांना त्यातून दिलासा मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु या रचनेत हातमाग आणि यंत्रमाग असा भेद नाही. भेद आहे तो किमतीचा. हाताने विणलेल्या कापडाचा शिवलेला कुडता किंवा जाकीट महाग होते ते चैनीच्या कापडामुळे नव्हे, तर त्यात माणसाचे दिवस गुंतलेले असतात म्हणून. साडी न शिवलेली असल्याने पाच टक्क्यांत सुटते. पण आजची तरुण पिढी ज्या रूपात हे वस्त्र रोज वापरू पाहते, त्या शिवलेल्या रूपावरच अठरा टक्क्यांचा बोजा पडतो. श्रमाला चैन समजण्याची ही चूक दुरुस्त होण्यासारखी आहे.

ग्राहकाचे काम

शासनाने करावयाच्या गोष्टी शासन करील तेव्हा करील. ग्राहकाच्या हातात काहीच नाही असे मात्र नाही. २००६ सालापासून हातमागाच्या मालाला ‘हँडलूम मार्क’ची चिठ्ठी मिळते. ती मागण्याची सवय मराठी ग्राहकाला अद्याप लागलेली नाही. सोन्याचा वळसा घेताना शुद्धतेचा शिक्का पाहणारा माणूस ‘अस्सल हातमाग’ म्हणून मोजलेल्या हजारो रुपयांच्या साडीची चिठ्ठी पाहत नाही, हे नवलच होय. धागा कोणता, माग कोणता आणि कापड कोठले, हे तीन प्रश्न प्रत्येक दुकानात विचारले जाऊ लागले तर पाट्या आपोआप बदलतील. यंत्रमागाचा खण घ्यायचा असेल तर तो यंत्रमागाचा म्हणून, त्याच्या किमतीत, खुशाल घ्यावा. वर्षातून एखादे वस्त्र हातमागाचे घेण्याची ऐपत असेल तर ते कपाटात न ठेवता वापरावे. हातमागाच्या सुताला धुण्याची भीती नाही. उलट ते धुण्यागणिक मऊ होते.

खण-नारळाने ओटी भरणे ही आपल्याकडे आशीर्वादाची रीत आहे. ज्या घराने तो खण विणला त्या घराची ओटी मात्र रिकामी राहावी, यासारखा विरोधाभास नाही. गुळेदगुड्डचा विणकर महाराष्ट्राकडे दया मागत नाही. त्याच्या कापडाचे नाव त्याच्याच कापडाला लागावे आणि त्याच्या दिवसाचा दाम त्याला मिळावा, एवढेच त्याचे मागणे आहे. फॅशन उद्या ओसरेल. ती ओसरण्यापूर्वी या दोन गोष्टी घडल्या तर खणाचे हे पुनरागमन सार्थकी लागले, असे म्हणता येईल.