होडी घ्यावी, पण खांद्याला पेलेल अशी

निफाड म्हटले की लोकांना द्राक्षे आठवतात, नाहीतर हिवाळ्यात वर्तमानपत्रात झळकणारा इथला गारठा आठवतो. होडी काही कुणाला आठवत नाही. वास्तविक आमच्या तालुक्यातून गोदावरी वाहते, दारणा आणि कादवा तिला मिळतात. गोदा-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरला १९०७ ते १९११ या काळात बंधारा झाला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि उथळ, पसरट पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून तिचे नाव जाहीर झाले. एवढे पाणी उशाशी असूनही आम्हा शेतकऱ्यांची पाण्याशी ओळख विहिरीवरच्या मोटारीपुरतीच!

ही ओळख वाढवावी म्हणून काही वर्षांपूर्वी आम्ही पाच मित्रांनी वर्गणी काढून एक होडी घेतली. हेतू साधा होता. सुटीच्या दिवशी जीपमागे जोडावी, दूर उजनीच्या फुगवट्यावर जावे, गळ टाकून बसावे, दोन दिवस घरादाराचा आणि बाजारभावाचा विसर पडावा. होडी किनाऱ्याकडून आणली. अठरा फूट लांब, फायबरची, खाली टोकदार कणा, मागे दणदणीत इंजिन. गावात आली तेव्हा पोरांनी मिरवणूक काढायचेच काय ते बाकी ठेवले होते. त्यानंतर ती दोनदा पाण्यात गेली. एरवी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. कोंबड्यांनी मात्र तिचा पुरेपूर उपयोग केला.

मग ४ ऑगस्ट २०१९ चा दिवस उजाडला. गोदावरीला महापूर आला. सायखेडा, चांदोरी ही गावे २०१६ च्या ऑगस्टमध्ये जे भोगून बसली होती, तेच पुन्हा त्यांच्या वाट्याला आले. आमच्या शिवारातली नदीकाठची एक वस्तीही पाण्याने वेढली. घराच्या पत्र्यावर म्हातारा, म्हातारी, सून आणि दोन लेकरे. आम्हाला वाटले, आता आपल्या होडीचे चीज होणार. ट्रॅक्टरला ट्रेलर जोडला आणि निघालो. डांबरी संपली, काळ्या मातीची वाट लागली आणि शंभर पावलांत ट्रेलरची चाके आसापर्यंत रुतली. होडी उचलून न्यावी तर आठ जणांना हलेना. पाणी समोर, होडी हाताशी, आणि आम्ही चिखलात उभे! म्हातारी पत्र्यावरून हात हलवीत होती. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

शेवटी त्या माणसांना बाहेर काढले ते मासेमारी करणाऱ्या एका वयस्क भोई गृहस्थांनी. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांची सपाट बुडाची बारा फुटी होडी चौघांनी खांद्यावर घेतली, दोन बांध ओलांडले आणि पाण्यात सोडली. लांब बांबूने रेटत मामांनी तीन खेपा केल्या. एका खेपेला दोघांवर तिसरे माणूस घेतले नाही. सगळे उरकल्यावर चहा पिताना मला म्हणाले, ‘‘गुरुजी, होडी पाण्यात पाहून घ्यायची नसती. खांद्यावर घेऊन पाहायची असती.’’

त्या एका वाक्याने आमची सारी खरेदी निकालात काढली. ओढून नेण्याची होडी पाण्यावर असते थोडा वेळ. तिचे बाकीचे आयुष्य रस्त्यावर, चिखलात आणि अंगणात जाते. म्हणून निवड त्या आयुष्याकडे पाहून करावी. चार माणसांना उचलेल एवढेच तिचे वजन असावे, म्हणजे इंजिन सोडून शंभर-सव्वाशे किलोच्या आत. लांबी बारा ते चौदा फूट पुरते. आपल्याकडचे पाणी उथळ, तळाशी गाळ, म्हणून बूड सपाट हवे. टोकदार कणा समुद्राच्या लाटा कापायला चांगला, पण गुडघाभर पाण्यात तो रुतून बसतो. सपाट बुडाची होडी मात्र वाऱ्यात आणि लाटांत धक्के खाते. जलाशय खवळला की तिने काठ धरावा, हे पथ्य पाळलेच पाहिजे.

लाकडी होडी देखणी, पण तिची निगा राखायला वेळ आणि कारागीर दोन्ही हवेत. हवेची रबरी होडी हलकी आणि घडी घालून ठेवता येणारी. पण आपल्या नदीकाठी वेड्या बाभळी माजलेल्या. एक काटा आणि हवा गुल. फायबर किंवा ॲल्युमिनियमची साधी होडी आपल्याला बरी. इंजिन लहानच घ्यावे, कारण पाणवेली पंख्यात गुंतल्या की मोठे काय नि छोटे काय, दोन्ही सारखीच. वल्ही आणि एक लांब बांबू होडीत नसेल, तर ती काठावरून हलू नये.

ट्रेलरकडे तर कुणी पाहतच नाही. लांबच्या प्रवासात चाकांचे बेअरिंग तापते. तशीच चाके गार पाण्यात घातली की पाणी आत ओढले जाते, ग्रीस जाते, गंज चढतो. पोचल्यावर आधी चहा घ्यावा, चाके निवू द्यावीत. ओझे किंचित पुढच्या अंगाला असावे, नाहीतर वेगात ट्रेलर झोकांड्या खाऊ लागतो.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे माणसांची संख्या. सगळे बसल्यावर होडीचा काठ पाण्यावर वीतभर तरी उरला पाहिजे. उलटली वा पाण्याने भरली तरी तरंगेल, असे बंद हवेचे कप्पे तिच्यात हवेत, आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट. त्याच २०१९ च्या ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी होडी उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसे तीत चढली होती. भेदरलेल्या माणसाला ‘तुम्ही पुढच्या खेपेला’ असे सांगायला छाती लागते. मामांपाशी ती होती.

माझे म्हणणे असे, की नदीकाठच्या प्रत्येक गावात अशी एक तरी होडी असावी. कुणी म्हणेल, ग्रामपंचायतीने घ्यावी. जरूर घ्यावी, पण कुलपात ठेवू नये. वापरात नसलेल्या होडीची आणि ती चालवणाऱ्या हातांची, दोघांचीही कुवत जाते. ती मासेमारी करणाऱ्यांच्या हाती द्यावी. त्यांनी वर्षभर वापरावी, निगा राखावी आणि पुराच्या वेळी गावासाठी काढावी. हौशी मंडळींनीही त्यांच्याकडूनच शिकावे. जलाशयाचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी त्यांना विचारावे. अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे उतरलेले असताना तिथे इंजिनाचा धडधडाट कशाला?

आम्ही ती मोठी होडी विकली. आलेल्या पैशांतून बारा फुटी सपाट होडी आणि सहा जाकिटे घेतली. ती मामांच्या अंगणात असते. आम्हाला हवी तेव्हा मागून घेतो, आणि परत करताना धुऊन देतो. दरवर्षी मृग लागण्याआधी एक रविवार आम्ही पाचही जण तिथे जमतो, चौघे होडी खांद्यावर घेऊन बांधापर्यंत जातो आणि परत येतो. लोक हसतात. आमची वये वाढताहेत, म्हणून यंदापासून गावातल्या तरुण पोरांनाही बोलावणार आहोत. द्राक्षबागेच्या विम्याचा हप्ता आपण मुकाट्याने भरतोच. हाही तसाच एक हप्ता. तुमच्या गावात तो कोण भरतो, एकदा चौकशी करून पाहा.