पाडता पाडता वाचलेली कचेरी

कोलकात्याच्या डलहौसी चौकातील, आताच्या बिनय-बादल-दिनेश बागेतील, इटालियन धाटणीची तीन मजली करन्सी बिल्डिंग १८३३ची. प्रथम ती आग्रा बँकेची होती. १८६८ पासून तेथे सरकारी चलन कचेरी आली. १९९०च्या दशकात केंद्राच्याच बांधकाम खात्याने ती पाडावयास घेतली. मध्यवर्ती दालनावरील घुमट गेल्यावर महापालिका व इन्टॅक यांनी काम थांबविले. १९९८ मध्ये ती संरक्षित स्मारक ठरली. पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने पुढे तिची डागडुजी केली, तरी दालनावर आज उघडे आकाशच आहे. सरकारी भाषेतला ‘निर्लेखन’ हा शब्द मी सेवेत असंख्य फायलींवर वाचला. मोडक्या खुर्चीला आणि अशा वास्तूला तो सारखाच लागतो. माझ्या मते, शंभरी ओलांडलेल्या कोणत्याही सरकारी इमारतीच्या पाडकामाची निविदा काढण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याचा लेखी अभिप्राय घेणे बंधनकारक असावे.