मान उशिरा, काम वेळेवर

३० मे ही आन्येस वार्दा यांची जयंती. १९२८ साली ब्रसेल्समध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेल्या या छायाचित्रकार-दिग्दर्शिकेला नव्वद वर्षांचे आयुष्य लाभले. २९ मार्च २०१९ रोजी त्या गेल्या; त्याच्या जेमतेम दीड महिना आधी बर्लिन महोत्सवात त्यांचा शेवटचा चित्रपट दाखवला गेला होता. अखेरपर्यंत कार्यरत राहिलेल्या या आजींचे जगभर कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. पण त्या एवढ्या जगल्या नसत्या, तर हे कौतुक त्यांच्या वाट्याला आले असते का, हा प्रश्न आजच्या दिवशी टाळता येत नाही.

वार्दा मूळच्या फोटोग्राफर. ज्याँ व्हिलार यांच्या नाट्यसंस्थेसाठी त्या छायाचित्रे काढत. सिनेमाचे शिक्षण नाही, कुणाच्या हाताखाली उमेदवारी नाही; पाहिलेले चित्रपटही मोजकेच. तरीही १९५४ मध्ये दक्षिण फ्रान्समधील सेत बंदराच्या कोळीवाड्यात त्यांनी ‘ला प्वँत कूर्त’चे चित्रीकरण केले, तेही कलाकार-तंत्रज्ञांची सहकारी मंडळी उभारून, तुटपुंज्या पैशांत. त्या चित्रीकरणाचे एक छायाचित्र कान महोत्सवाने २०१९ मध्ये पोस्टरवर घेतले. एक तंत्रज्ञ ओणवा झाला आहे आणि त्याच्या पाठीवर उभी राहून २६ वर्षांची दिग्दर्शिका उंचावरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहते आहे.

त्रुफो यांचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ १९५९चा, गोदार यांचा ‘ब्रेथलेस’ १९६०चा. फ्रेंच नवलाटेची गोष्ट याच नावांपासून सांगण्याचा प्रघात पडला. त्यांच्याआधी पडद्यावर आलेल्या वार्दांना तिशीतच ‘नवलाटेची आजी’ हे बिरुद मिळाले. बिरुद लाडाचे खरे, पण मुख्य नोंदीतून बाजूला सारणारेही.

मान्यतेची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत. मुलगा लहान, घर सोडून दूर जाणे अवघड, तेव्हा त्यांनी घरातल्या विजेच्या जोडणीवरून वायर ओढली आणि ती पोहोचेल तेवढ्या टापूतच चित्रीकरण केले. गल्लीतला बेकरीवाला, खाटीक, शिंपी आणि अत्तराच्या दुकानातले वृद्ध जोडपे यांच्यावर १९७५चा ‘दागेरोटाइप्स’ उभा राहिला. अडचणीतूनच त्यांनी चित्रपटाची रीत शोधली. सत्तरी पार केल्यावर एका चित्रपटासाठी, हातात मावणारा डिजिटल कॅमेरा घेऊन त्या शेतातला सरवा आणि उठलेल्या बाजारातली टाकून दिलेली भाजी वेचणाऱ्यांमध्ये मिसळल्या. त्याच चित्रपटात एका हाताने कॅमेरा धरून त्यांनी स्वतःचा सुरकुतलेला दुसरा हातही न संकोचता दाखवला.

दीर्घायुष्याचे खरे देणे इथे दिसते. १९५४ मध्ये त्यांनी समुद्रकिनारी एक छायाचित्र काढले होते: एक विवस्त्र पुरुष, एक लहान मुलगा आणि एक मेलेली बकरी. जवळजवळ तीन दशकांनी त्या दोघांना शोधत त्या गेल्या. तो मुलगा आता मोठा झाला होता आणि त्याला तो क्षण आठवतच नव्हता. ‘युलिस’ या लघुपटात वार्दांनी ते विस्मरणही जपले. आपल्याच चित्राकडे इतक्या वर्षांनी पुन्हा प्रश्न घेऊन जाण्याची सवड आयुष्याने दिली आणि त्यांनी ती वाया घालवली नाही.

सन्मानांचा हिशेब मात्र वेगळा आहे. १९८५मध्ये व्हेनिसचा सर्वोच्च पुरस्कार ‘व्हॅगाबाँड’ला मिळाला, पण कानचा मानद पाम द’ओर मिळायला २०१५ आणि मानद ऑस्कर मिळायला २०१७ साल उजाडले. दोन्ही ठिकाणी हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला दिग्दर्शक. २०१८ मध्ये कानच्या पायऱ्यांवर ८२ महिला उभ्या राहिल्या. महोत्सवाच्या इतिहासात स्पर्धेत निवडल्या गेलेल्या महिलांच्या चित्रपटांची ती संख्या होती. पुरुषांचे चित्रपट दीड हजारांहून अधिक. केट ब्लँचेटसोबत तिथे निवेदन वाचणाऱ्या वार्दा तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या.

प्रतिभेला नव्वद वर्षे मिळतीलच असे नाही. म्हणून वार्दांना अभिवादन करायचे तर ते त्यांच्या म्हातारपणाच्या कौतुकावर थांबू नये. आज पहिला चित्रपट घेऊन दारात उभ्या असलेल्या २६ वर्षांच्या मुलीला पैसा, पडदा आणि इतिहासात तिची जागा वेळेवर देणे, हे चित्रपटसंस्थांचे आणि महोत्सवांचे कर्तव्य आहे. उपकार नव्हे.